तटावरचा गॉब्लिन

डंजन्स अँड ड्रॅगन्स खेळायला पहिल्यांदाच बसलेला माणूस लढाई सुरू झाली की काय विचारतो, हे मी आता बऱ्याच टेबलांवर पाहिलं आहे. समजा, प्रसंग असा आहे: पडक्या किल्ल्याचा तट, एका जागी कठडा ढासळलेला, खाली चाळीस फुटांवर खडक आणि त्या खिंडाराला पाठ करून वाकडी तलवार परजत उभा असलेला एक गॉब्लिन. मुरलेला खेळाडू फासा उचलतो आणि म्हणतो, "तलवार मारतो." नवखा क्षणभर नकाशाकडे बघतो आणि विचारतो, "याला खाली ढकलून देता येईल का?"

देता येतं. तसा नियम आहे, तो अर्ध्या पानात मावतो, आणि तरीही वर्षानुवर्षं खेळणारे लोक त्याच्या वाटेला फारसे जात नाहीत. मला या खेळातले पकडीचे आणि धक्क्याचे नियम मनापासून आवडतात. ते वापरले जात नाहीत याचं वाईट वाटतं, म्हणून हा लेख.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. चार-पाच जण टेबलाभोवती बसतात. एक जण डंजन मास्टर, म्हणजे सूत्रधार. जग, राक्षस आणि प्रसंग त्याचे. बाकीचे एकेक पात्र घेतात. पात्राच्या ताकदीला, चपळाईला आकडे असतात. काही अवघड करायचं असेल तर वीस बाजूंचा फासा टाकायचा आणि आलेल्या आकड्यात पात्राचा आकडा मिळवायचा. नकाशावर चौकोन आखलेले असतात, एक चौकोन म्हणजे पाच फूट.

आता त्या गॉब्लिनचा हिशेब करू. आकडे 2014 साली आलेल्या पाचव्या आवृत्तीचे घेतो, कारण आज सर्वांत जास्त लोकांच्या हाताखालून गेलेले नियम तेच असावेत. आपला योद्धा पहिल्या पातळीचा आहे. त्याची ताकद 16, तिचे +3, सरावाचे आणखी +2, एकूण +5. गॉब्लिनचा बचावाचा आकडा 15, हिट पॉइंट्स, म्हणजे जिवाचा आकडा, 7. तलवार लागायला फाशावर 10 किंवा त्याहून जास्त यायला हवेत. लागली, तर इजा किती हे ठरवायला आठ बाजूंचा फासा टाकून त्यात 3 मिळवायचे. सगळं जमेस धरलं तर एका वारात गॉब्लिन मरण्याची शक्यता शेकडा 36 च्या आसपास येते. आता धक्का. योद्धा फासा टाकून 5 मिळवतो, कारण त्याला ॲथलेटिक्स येतं. गॉब्लिन आपल्या चपळाईवर निसटू बघतो, त्याचे +2. दोन फाशांच्या 400 जोड्या होतात, त्यांपैकी 247 जोड्यांत योद्धा जिंकतो. म्हणजे शेकडा जवळजवळ 62. चाळीस फूट पडल्याची इजा म्हणजे सहा बाजूंचे चार फासे, सरासरी 14. एवढं पडून सात हिट पॉइंट्सचा गॉब्लिन वाचणं शंभरात एकदा घडेल. तेही वजा धरलं तर छत्तीस आणि एकसष्ट! नवख्याने नकाशा बघून जे विचारलं, ते गणितानेही बरोबर होतं.

एक अट मात्र लक्षात ठेवायची. धक्का समोरच्याला तुमच्यापासून सरळ पलीकडे, पाच फूट ढकलतो. बाजूला नाही. म्हणून आधी पावलं टाकून अशा चौकोनात यावं लागतं, की तुम्ही, गॉब्लिन आणि खिंडार एका रेषेत येतील. तलवारीला तुम्ही कुठे उभे आहात याचं फारसं सोयरसुतक नसतं, धक्क्याला असतं. या नियमांचं सगळं वेगळेपण इथेच आहे.

हा खेळ अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात, लेक जिनिव्हा या गावात आकाराला आला. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी तो 1974 साली बाजारात आणला. त्याच्या मुळाशी चेनमेल नावाचा 1971 चा युद्धखेळ होता. त्यात छोट्या पुतळ्यांची सैन्यं एकमेकांवर चालून जात. तिथून आलेल्या लढाईला एकच मोजमाप ठाऊक होतं: वार लागला की नाही, आणि लागला तर किती. पात्राच्या जिवाचे हिट पॉइंट्स झाले आणि लढाई वजाबाकी झाली. ज्याचा आकडा आधी शून्यावर येईल तो हरला.

कुस्ती पाहिलेल्या माणसाला यात काय राहून गेलं ते लगेच कळेल. मैदानात पैलवानाची पाठ मातीला लागली की निकाल लागतो. त्यासाठी कोणाला जखम व्हावी लागत नाही. कोणाचं अंग कुठे आहे, कोणाचे हातपाय मोकळे आहेत आणि कोणाचे अडकले आहेत, एवढ्यावरच सगळं असतं. हिट पॉइंट्सच्या वजाबाकीत या गोष्टीला जागाच नाही. ती जागा करून देण्यासाठी खेळ लिहिणारे पन्नास वर्षं धडपडत आले आहेत.

पहिली धडपड माझ्या मते फार सुंदर होती. 1975 साली टीएसआर या प्रकाशन कंपनीच्या द स्ट्रॅटेजिक रिव्ह्यू या पत्रात लढाईचा एक नमुना छापला गेला. भुयारात वाट चुकलेल्या एकट्या वीराला दहा ऑर्क गाठतात. त्यांना त्याला मारायचं नाही, धरायचं आहे. ज्या ऑर्कांचे हात त्याच्यापर्यंत पोचतात, त्यांचा प्रत्येकी एक फासा. वीर चौघांच्या तोडीचा, म्हणून त्याचे एकट्याचे चार फासे. ऑर्कांची बेरीज जास्त आली तर वीर खाली दाबला गेला. बरोबरी झाली तर झोंबाझोंबी चालू, वीर अजून पायांवर उभा. वीराची बेरीज जास्त आली तर त्याने सगळ्यांना झटकून दूर फेकलं. एवढंच. पण यात गर्दीचं वजन आहे, जे पुढच्या कित्येक नियमांतून हरवलं. आजच्या पुस्तकाप्रमाणे दहा जणांनी एकाला धरलं तर त्या दहा पकडी सुट्या दहा पकडीच राहतात. त्या मिळून एक मोठी पकड होत नाही, आणि मला ही उणीव वाटते.

1979 च्या डंजन मास्टर्स गाइडमध्ये गायगॅक्स यांनी निःशस्त्र लढाईचे तीन भाग केले: ठोसे, पकड आणि अंगावर कोसळून पाडणं. प्रत्येकाचं स्वतंत्र कोष्टक, हिशेब शेकड्यात, चिलखताचा परिणाम वेगळा, उंची आणि वजनातल्या फरकाचा वेगळा. शेवटी कोष्टक सांगणार की तुमच्या हाती कंबरेची मिठी आली, बाहूची पकड आली की मान आली. लिहिणाऱ्याने खऱ्या झटापटीचा किती विचार केला होता हे वाचताना कळतं, आणि ते प्रत्यक्ष खेळायला बसलं की एका मिठीसाठी टेबलावरचे बाकीचे चार जण ताटकळत बसतात हेही कळतं. 1989 च्या दुसऱ्या आवृत्तीत हे बरंच आटोपशीर झालं. एकच फासा लागलं की नाही ते सांगे, आणि त्याच आकड्यावरून कोणता डाव बसला तेही ठरे.

तिसरी आवृत्ती 2000 साली आली, 2003 मध्ये तिची सुधारित आवृत्ती निघाली, आणि पकडीचा नियम बदनाम झाला तो याच काळात. पायऱ्या मोजा. तुम्ही एखाद्याला धरायला हात पुढे केलात की आधी त्याला तुमच्यावर एक फुकटचा वार मिळतो. तो लागला तर प्रयत्न तिथेच संपला. मग नुसता स्पर्श होतो का याचा फासा. मग दोघांनी एकमेकांविरुद्ध पकडीचे फासे टाकायचे, ज्यात लढण्याचा अनुभव, ताकद आणि आकार यांचे आकडे मिळवायचे. मग त्याच्याच चौकोनात शिरायचं. आत शिरल्यावर काय काय करता येतं याची लांबलचक यादी: दाबून धरणं, सुटका करून घेणं, हलकं हत्यार उपसणं, प्रतिस्पर्ध्याचंच हत्यार त्याच्यावर चालवणं, दुसऱ्या कोणाला दाबून धरलं असेल तर त्याला सोडवणं. शिवाय आकार एका पायरीने वाढला की पकडीत +4. माणसाहून एक पायरी मोठा प्राणी +4, दोन पायऱ्या +8, सर्वांत प्रचंड +16. त्यामुळे मोठ्या अंगाच्या राक्षसाने मांत्रिकाला धरलं की मांत्रिकाला सुटण्याची आशा जवळपास नसे. अनेक गटांनी पकड न वापरण्याचा अलिखित करार केला, तो मी समजू शकतो. धक्का या आवृत्तीत पकडीपेक्षा नशीबवान ठरला. दोघांनी ताकदीचे फासे टाकायचे, जिंकलात तर पाच फूट, आणि फरकाच्या दर पाच गुणांमागे आणखी पाच फूट. जोर जास्त तर ढकलणं जास्त, एवढं साधं तर्कशास्त्र होतं त्यात.

2008 च्या चौथ्या आवृत्तीत उलट टोक गाठलं गेलं. पकड म्हणजे ताकदीचा एक हल्ला, लागला तर समोरचा जागच्या जागी खिळला, विषय संपला.

पाचव्या आवृत्तीत मात्र तोल सापडला असं माझं मत आहे. नियम असा: तुमच्या एका वाराऐवजी तुम्ही पकड करू शकता. एक हात मोकळा हवा. समोरचा तुमच्याहून फार तर एक आकार मोठा असावा, म्हणजे माणूस ओगरला धरू शकतो, डोंगरी जायंटला नाही. तुम्ही ताकदीच्या ॲथलेटिक्सचा फासा टाकायचा. समोरच्याने आपल्या मर्जीने ॲथलेटिक्स किंवा चपळाईचं ॲक्रोबॅटिक्स यांतलं एक निवडून फासा टाकायचा. बरोबरी झाली तर परिस्थिती होती तशीच. तुम्ही जिंकलात तर त्याचा वेग शून्य. धक्क्याची तऱ्हा तीच, फक्त जिंकल्यावर त्याला पाच फूट मागे ढकलायचं की खाली पाडायचं ते तुम्ही ठरवायचं.

वेग शून्य. ऐकायला हे किरकोळ वाटतं. धरलेला प्राणी तलवार चालवू शकतो, चावू शकतो, मंत्रही म्हणू शकतो. माझ्या टेबलावर नवे खेळाडू इथे हिरमुसतात: मग धरून उपयोग काय? उपयोग पुढे आहे. धरलेल्याला तुम्ही ओढत नेऊ शकता, निम्म्या वेगाने. तीस फूट चालणारा पंधरा फूट, म्हणजे तीन चौकोन. तीन चौकोनांत आग असू शकते, नदी असू शकते, मित्रांचं कडं असू शकतं. पंखांवर तरंगणाऱ्या प्राण्याचा वेग शून्य झाला की तो खाली पडतो. आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे, पडलेल्याला उठायला आपला निम्मा वेग खर्च करावा लागतो. शून्याचा निम्मा करून कोणाला उठता येत नाही, हे नियमांत स्पष्ट लिहिलं आहे.

म्हणून आधी पकड आणि मग पाडायचा धक्का, ही जोडी या खेळातली खरी चीतपट आहे. पाचव्या पातळीच्या योद्ध्याला एका पाळीत दोन वार मिळतात, त्या दोन वारांत दोन्ही जमू शकतात. मग समोरचा पडलेलाच राहतो. त्याच्या प्रत्येक वाराला दोन फासे टाकून कमी आकडा धरायचा आणि त्याच्याजवळ येऊन मारणाऱ्या प्रत्येकाने दोन फासे टाकून मोठा आकडा धरायचा. सुटायचं तर त्याला आपली पूर्ण कृती घालवून पुन्हा झुंजावं लागतं, म्हणजे त्या पाळीत त्याचा वार नाही. तुम्ही त्याचा एक हिट पॉइंट कमी केलेला नाही आणि तरी लढाई हातात आली आहे.

यातली एक गोष्ट खेळाडू नेहमी विसरतात. पडलेल्यावर लांबून बाण मारणाऱ्याला उलट त्रास होतो, त्याला कमी आकडा धरावा लागतो. म्हणून गटात दोन धनुर्धारी असतील तर शत्रूला पाडण्याआधी त्यांना विचारा.

या डावाला चांगली साथ देणारी पात्रंही वेगळी आहेत. बार्बेरियन संतापला की ताकदीच्या प्रत्येक कसोटीला दोन फासे टाकून मोठा घेतो. एका फाशाची सरासरी 10.5, दोनांतल्या मोठ्याची जवळपास 13.8. चोरपात्र ॲथलेटिक्समध्ये पारंगत झालं तर त्याला सरावाचे गुण दुप्पट मिळतात. मग अंगाने किरकोळ चोर ओगरला लोळवताना दिसतो, आणि मला ते दृश्य खोटं वाटत नाही, कारण तंत्राने वजनाला हरवणं आपण मातीत पाहिलेलं आहे. ढाल आणि तलवार घेतलेल्याला मात्र पकड करता येत नाही, दोन्ही हात अडकलेले. धक्क्याला ती अट नाही. सुटण्याच्या वाटाही आहेत. मिस्टी स्टेप या मंत्राने तीस फुटांवर नाहीसं होऊन प्रकट व्हा, पकड संपली. कोणी तुम्हाला धरून ठेवलं असेल तर तुमच्या मित्राने धरणाऱ्यालाच धक्का द्यावा. त्याच्या हाताच्या टप्प्यातून तुम्ही बाहेर आलात की पकड आपोआप सुटते. धक्का हा पकडीवरचा उतारा आहे, हे माझ्या पाहण्यातल्या फार थोड्या खेळाडूंना सुचतं.

2024 मध्ये नियमांची सुधारित पुस्तकं आली आणि इथे माझा थोडा वाद आहे. आता तुम्ही फासा टाकतच नाही. पकड किंवा धक्का करायचा असेल तर 8 अधिक तुमच्या ताकदीचे गुण अधिक सरावाचे गुण असा एक आकडा ठरतो, आणि समोरच्याने ताकद किंवा चपळाई निवडून तो गाठायचा. आपल्या योद्ध्याचा आकडा 13. गॉब्लिनचे +2, म्हणजे त्याला फाशावर 11 हवेत. शक्यता नेमकी निम्मी. जुन्या नियमातले शेकडा 62 आता 50 झाले. ॲथलेटिक्समध्ये घालवलेली मेहनत धरताना उपयोगी पडत नाही, ती फक्त दुसऱ्याच्या पकडीतून सुटताना कामी येते. खेळ जलद झाला हे मान्य. पण दोघांनी एकाच वेळी फासे टाकण्यात जी खडाखडी होती, ती गेली. एक जण आकडा सांगतो, दुसरा फासा टाकतो. पकड ही दोघांची गोष्ट आहे, तिच्यात फासेही दोघांचे हवेत.

याच पुस्तकाने एक फार चांगली भरही घातली, हे तितक्याच मोकळेपणाने सांगायला हवं. आता धरलेला प्राणी धरणाऱ्याला सोडून दुसऱ्या कोणावर वार करेल, तर त्याला दोन फाशांतला कमी आकडा धरावा लागतो. म्हणजे ओगरला मिठी मारणारा योद्धा मागच्या जखमी मांत्रिकाचं खरोखर रक्षण करतो. दहा वर्षं पकडीत हीच गोष्ट कमी होती. मात्र धक्क्याला नवी स्पर्धा आली. युद्धहातोड्यासारख्या काही हत्यारांवर प्रभुत्व असलं की वार लागताच शत्रू दहा फूट मागे ढकलता येतो, तेही वार न सोडता. रिकाम्या हाताने ढकलणाऱ्याला आता विचार करावा लागतो.

पाथफाइंडर या याच धाटणीच्या वेगळ्या खेळाच्या 2019 च्या दुसऱ्या आवृत्तीने आणखी वेगळी वाट घेतली, आणि जोखमीच्या बाबतीत मी तिच्या बाजूने आहे. तिथे प्रत्येक प्रयत्नाचे चार निकाल असतात. धक्का उत्तम बसला तर दहा फूट, नुसता बसला तर पाच, चुकला तर काही नाही, आणि फारच चुकला तर ढकलणारा स्वतःच तोंडावर पडतो. पकडीचंही तसंच: फार वाईट चुकलात तर समोरचा तुम्हालाच धरू शकतो. डाव उलटण्याची ही भीती खऱ्या झुंजीत कायम असते. डंजन्स अँड ड्रॅगन्समध्ये ती नाही. तिथे चुकलेल्या पकडीची किंमत एक वाया गेलेला वार, एवढीच.

आता डंजन मास्टर असलेल्यांना एक विनंती. हे नियम कितीही चांगले लिहिले तरी सपाट, रिकाम्या खोलीत ते मरतात. चार भिंती आणि मधोमध सहा राक्षस असतील तर तलवार चालवण्याखेरीज कोणी दुसरं काही करणार नाही, आणि करूही नये. म्हणून पुढच्या वेळी नकाशा काढाल तेव्हा त्यावर एक तरी विहीर, ढासळलेला कठडा, पेटलेली शेकोटी किंवा वाहता ओढा काढा. ओगर त्याच्यापासून दोन चौकोनांवर उभा करा. आणि कोणी नवखा विचारेल, "याला ढकलता येईल का?" तेव्हा पुस्तक उघडण्याआधी त्याच्या हातात फासा द्या.